कुंपण

व्हर्ला आणि शेजारचा ऑर्विल
अकरा वर्षं बोलत नव्हते.
कुंपण दीड फूट अलीकडे की पलीकडे,
एवढ्यावरून.

मंगळवारी ओक्लाहोमाच्या त्या माळावर
आभाळाने सोंड टेकली.
चार मिनिटं.

तळघराचं झाकण ढकलून ती वर आली
तेव्हा घर नव्हतं.
जिन्याच्या तीन पायऱ्या तेवढ्या,
कुठेच न जाणाऱ्या.

ऑर्विलचा फ्रीझर तिच्या तळ्यात,
तिची तांबडी गाय त्याच्या गव्हात,
शिंगाला कुणाचा तरी झगा.
कुंपणाची तार
मैलभर दूर, चर्चच्या मनोऱ्याला गुंडाळलेली.

तो आला. डोक्यावर टोपी नव्हती.
"गाय दूध देईल का आज?"
इतकंच म्हणाला.

ती पायरीवर सरकली,
दीडेक फूट.