एकतीस फूट चार इंच

धारूरच्या घाटात, तिसऱ्या वळणाला,
जिथं एसटी पहिला गिअर टाकून कण्हते,
तिथं आमचं स्टेडियम.
प्रेक्षागृह म्हणाल तर कठडा,
छप्पर म्हणाल तर एक लिंब, अर्धा वाळलेला.
बायका ओळीनं पाट्या मांडून बसलेल्या,
पाट्यांत सीताफळं, डोळे उघडलेली,
आणि गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी
प्रत्येकीच्या गालात एक बी.

मी रिटायर पीटी मास्तर. तीस वर्षं
पोरांना सावधान-विश्राम शिकवलं,
जिल्ह्याच्या पुढं एकही गेला नाही.
शाळेनं निरोपाला शाल दिली, नारळ दिला.
शिट्टी आणि मोजायचा टेप मी न विचारता आणला.

नियम मीच केले.
बी चोखून स्वच्छ पाहिजे, गर चिकटलेली बाद.
चुन्याच्या रेषेवर अंगठा आला तर बाद.
ट्रकच्या वाऱ्यावर टाकलेली धरू नये,
मग ती किती का लांब जाईना.
बी गालात असताना हसू फुटलं तर बाद —
या एका कलमानं निम्म्या बायका
पहिल्याच फेरीत जातात.

ग्यानबा फुटाणे आले एकदा.
मिशीला पीळ देऊन म्हणाले, ह्यात काय अवघड?
श्वास भरला. फुंकलं.
बी ओठावरच राहिली,
कवळी गेली चौदा फूट.
मी मोजली. वहीत लिहिली.
शेऱ्याच्या रकान्यात: वेगळा प्रकार.

गोजराबाई थोरवे फारशी बोलत नाही.
पुढचा एक दात नाही तिला.
कसा गेला, मी विचारलं नाही;
विषय निघाला की बाकीच्या
आपापल्या पाटीतली फळं उलटीपालटी करतात.
त्या फटीत ती बी बसवते, गोफणीत खडा बसवावा तशी,
मान थोडी डावीकडं, डोळे बारीक,
आणि आवाज असा येतच नाही,
सुईत दोरा गेल्यासारखं फक्त.

रस्त्याच्या पल्याड, पांढऱ्या दगडाच्याही पुढं
एकतीस फूट चार इंच.
खाजामियाँ बागवान टेम्पो थांबवून साक्षीला उतरले,
सही उर्दूत केली.
'आता काय भेटतं?' ती म्हणाली.
मी म्हणालो, अर्ज करतो.

केला. ऑलिंपिकवाले, दिल्ली.
पत्ता भाच्यानं मोबाइलवर शोधला.
लिहिलं, महोदय, बर्फावरून दगड घसरवून
त्याच्यापुढं झाडू मारत पळणाऱ्यांना आपण पदक देता.
आमच्याकडं झाडू रोजचाच आहे, बर्फ तेवढा नाही.
लिहिलं, या खेळाला साहित्य विकत घ्यावं लागत नाही,
न विकलेलं साहित्य खाऊनच खेळ सुरू होतो.
शंका नको म्हणून टेपची झेरॉक्स जोडली.
पोचपावती आली. उत्तर यायचं आहे.

दिवाळी झाली तसा मुकादमाचा ट्रक आला.
पाट्या उतरल्या, कोयते चढले.
'संघ कारखान्याला रवाना'
असं मी वहीत लिहिलं, मग खोडलं.
सहा महिने घाटात मी आणि माकडं.
माकडांना नियम सांगून पाहिले.

श्रावणात पल्याडच्या गवतात
वीतभर रोप दिसलं, सीताफळाचं.
शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत.
चुन्याची रेषा होती तिथून, अंदाजानं, टेप धरला:
एकतीस फूट सहा.
दोन इंच कुठून आले?
बी घरंगळली असेल. दुसरीची असेल.
माकडाचीही असेल, थुंकतात तीही.

गोजराबाईला बोलावून दाखवलं.
डाव्या अंगठ्यावर कोयत्याचा नवा व्रण.
तिनं रोपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
'दोन इंच वहीत धरा सर.
अन् ते टोक नीट दाबा की,
टेप ढिला सोडायलात तुम्ही.'