छत्तीस उंदीर

गुरुवार. चर्चच्या तळघरात हीटर खोकतोय.
बाहेर विस्कॉन्सिन नदी दगड झालेली,
पायऱ्यांवर मीठ टाकलंय तरी बूट सरकतात.
घडीच्या टेबलावर चीजचे तुकडे, पेन्सिली, फासे,
आणि पुठ्ठ्याच्या पडद्याआड मी, व्हर्ला,
दिवसा कागद-गिरणीत पगारपत्रकं भरणारी,
रात्री भुयारं.

पाद्रीबाई डॅग्नी रूड चोर आहेत.
रविवारी वर ज्या हातांनी भाकर मोडतात
त्याच हातांनी इथे कुलपं चाचपतात.
बाराशे गुण झाले की चोराची पहिली पायरी.
भराभर चढतात बाई, पण पायरी कसली, उंबरठा म्हणा:
कुलूप उघडायची शक्यता शेकडा पंधरा होती, ती वीस झाली.
"वीस!" म्हणून त्या टाळी देतात,
आणि फासा सत्त्याऐंशी दाखवतो.

माय यर वांग योद्धा.
रात्रपाळीला वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांच्या कुशी बदलते.
"आठवडाभर सॉरी म्हणते," पहिल्याच दिवशी म्हणाली, "इथे कुऱ्हाड द्या."
योद्ध्याला दोन हजार लागतात.
नवं काही शिकत नाही तो,
तेच करतो, जास्त जोरात,
आणि मरायला थोडा जास्त वेळ घेतो.

ऑरिन हाल्व्हरसन जादूगार.
एकतीस वर्षं तीन नंबरच्या यंत्रावर, फावड्याएवढे तळवे,
त्यांत पेन्सिल हरवते.
"ओझी खूप उचलली. आता एक शब्द उचलून बघू."
जादूगाराला अडीच हजार.
दिवसाला एकच मंत्र, तो संपला
की मेणबत्ती धरून सगळ्यांच्या मागे उभं राहायचं.
जीव चार गुणांचा; मांजर ओरबाडलं तरी आटोपला.
तीनदा मेलाय. ऑरिन दर वेळी तेच नाव लिहितो,
पुढे फक्त आकडा: उल्फर चौथा.
पण पाचव्या पायरीवर त्याच्या तळहातातून आगीचा गोळा सुटतो
आणि त्या दिवसापासून
कुऱ्हाड नि हातचलाखी बाजूला सरून वाट देतात.
पोचला तर.

पेटी उघडली की मी सोनं तिघांत सारखं वाटते.
वाटा सारखाच. उंची वेगळी.
हा न्याय आहे का, असं मला कुणी कधी विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हटलं असतं, पुस्तकात असंच आहे.

सोमवारी गिरणीत नोटीस लागली.
मला पंधरा दिवस आधीच ठाऊक होतं.
एकतीस वर्षांना किती आठवड्यांचा पगार,
तो तक्ता मीच टाइप केला,
तिथेही पायऱ्या होत्या,
तिथेही मी पडद्याआड होते.

आज उल्फर चौथ्याला साठ गुण कमी पडले.
साठ. माझ्या खोडरबराच्या एका फुंकरीचं काम.
सगळे माझ्याकडे बघायला लागले, ऑरिन सोडून.
"नको," तो म्हणाला. "दिलेलं मोजता येत नाही. मला मोजायचंय."

मग माय यरने चीजचा तुकडा खाली ठेवला,
"मागच्या बोळात उंदीर राहिले होते ना? एकाचे किती?"
पाच. भागिले तीन.
पाद्रीबाईंनी बोटांवर हिशोब केला: छत्तीस.

छत्तीस उंदीर मारले.
ना पोवाडा व्हावा अशी लढाई, ना खजिना.
उल्फरचा मंत्र तिसऱ्या उंदरालाच संपला,
मग तो मेणबत्ती धरून उभा, दोघी खपत राहिल्या,
हीटर दोनदा विझला, चीज संपलं,
अकरा वाजता शेवटचा उंदीर माय यरच्या बुटाखाली.

ऑरिनने चार खोडून पाच लिहिलं.
त्या जागी इतकं खोडलंय की कागद पिसासारखा झालाय.
त्याने तो दिव्यासमोर धरला.
"आमचाच आहे," म्हणाला, "तीन नंबरचा. फाटायचा नाही."
आणि आगीचा गोळा?
"पुढच्या गुरुवारी," कोट चढवता चढवता,
एका बाहीत हात अडकलेला.