खालचा पिवळा

मुल्लांची आसमा मिरजेहून आली,
गळ्यात लॅबचं कार्ड, पिशवीत कांड्यांचं पाकीट.
खिडकीच्या चौकटीवर एक कांडी घासली, घड्याळ बघत थांबली.
कापूस पांढराच.
"आजोबा, इथं तर काही दिसत नाही."

त्रिशलानं पोराला कडेवर घट्ट धरलं होतं, ती सैल झाली.
मी झालो नाही.

वरचा हिरवा मला ठाऊक आहे. पूर ओसरल्यावर दिला,
डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं : शिसं नाही.
खाली आकाशी, शीतलच्या लग्नाआधी दोन दिवस,
घाईचा, एका हाताचा.
त्याच्याही खाली

"बाई, ब्लेड घे," म्हटलं, "तिरकं काप, लाकूड लागेपर्यंत.
रंगाला वरून विचारलं तर तो कालचंच सांगतो."

तिला जमेना. ब्लेड मी घेतलं.
चाळीस वर्षं ट्रॉल्या रंगवलेला हात, आता चहाची बशी हिंदकळवतो,
पण तेवढा काप सरळ गेला.
हिरवा. आकाशी. एक मळकी रेघ.
मग तो, कालच दिल्यासारखा.

कारखान्याच्या बारा ट्रॉल्या रंगवून उरलेला डबा
सायकलच्या हॅण्डलला अडकवून घरी आणला होता मी.
फुकटचा, आणि कसला टिकाऊ!
शेजाऱ्यांना नख मारून दाखवायचो : बघा, निघतोय का.
पुरात चार दिवस बुडाला, तरी लाकूड सोडलं नाही.

दुसरी कांडी लाल झाली. घड्याळाकडे बघायचीही गरज पडली नाही.

"भुकटी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा," म्हणत
आसमा फॉर्म भरायला बसली. खोली कुठली, थर किती.
"रंग कुणी दिला होता, आठवतंय?"
"कल्लाप्पा उपाध्ये," म्हटलं. "लिहा. पेंटर."

ह्याच चौकटीला धरून अर्हम उभा राहायला शिकला.
मार्केट यार्डाकडं जाणारे हळदीचे टेम्पो मोजतो,
मोजता मोजता लाकूड चावतो.
त्याच्या रक्ताचा कागद फ्रिजवर चिकटवलाय.

शीतलही चावायचा, इथंच, ह्याच कोपऱ्यात.
तेव्हा कुणी कागद काढला नव्हता.
तेराचा पाढा त्याला कधी आला नाही.
पट्टी माझ्या हातातली, सागवानी,
आणि तीही मीच रंगवलेली.

सहाला सुटतो तो. साडेसहाला गाडी दारात लावेल.
त्रिशलानं चौकटीला जुना टॉवेल गुंडाळलाय, सुतळीनं बांधलाय.
मी ब्लेड पुसून ठेवलं,
मग परत काढून पुसलं.