कडं पडलं नाही

परळच्या आमच्या लॅबमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
सदतीस अंशांत रात्रभर ठेवलेल्या बशा
सकाळी मी एकेक उघडते.
अगारवर स्टॅफची पिवळट साय धरलेली,
आणि प्रतिजैविकाच्या चकतीभोवती
सारवल्यासारखं गोल, मोकळं कडं.
मोजपट्टी लावायची. बावीस मिलिमीटर. लिहायचं.

गुळवेलीच्या चकतीभोवती कडं पडलं नाही.
जंतू थेट उंबऱ्यापर्यंत आलेले,
काही तर वर चढून बसलेले.
तीन वेळा केलं. तिन्ही वेळा तेच.
वहीत लिहिलं: शून्य.
आणि मला उगाचच लाज वाटली,
आपलं पोर स्टेजवर कविता विसरावं तशी.

वेल आणते लाडकीबाई दुमाडा, आरेतल्या पाड्यावरून.
दादरला पुलाखाली तिचं गोणपाट:
अडुळसा, निर्गुडी, शतावरीची मुळं,
आणि बोटभर जाड वेटोळी,
कागदी सालीची, नखानं सोललं की आत हिरवी.
"लिंबावरची हाय. बाभळीवरची नाय."
डॉ. मिस्किटांना नमुन्याची तारीख लागते, झाड लागतं, जागा लागते.
ती म्हणाली, लिही, तबेल्याच्या मागं,
जिथून बिबट्यानं आमचा कुत्रा नेला.
मी तसंच लिहिलं.

शून्याचं तिला सांगितलं, जरा चाचरत.
तिनं सुतळीची गाठ दातानं सोडवली.
"मारते म्हणून मी कवा बोलले?
मारायला तुमची सुई हाय.
ही नुसती हाक मारते."

हाक कोणाला, ते विचारायचं राहिलं.
पाचशे एकोणतीस आली, मी चढले.

मग मिस्किटाबाईंनी भक्षक पेशी मागवल्या,
आपल्या अंगात गस्त घालणाऱ्यांच्या जातीच्या.
अर्ध्यांना वेलीचा अर्क, अर्ध्यांना नुसता द्राव.
जंतू सोडले. तासाभरानं रंगवून काचेवर.
शंभर पेशी मोजायच्या, अंगठ्यानं खटका दाबत.
द्रावातल्या पेशींच्या पोटात दोन जंतू, तीन,
कुठे एकही नाही,
रात्रपाळीच्या वॉचमनसारख्या खुर्चीतच लवंडलेल्या.
अर्कातल्या मात्र हातपाय काढून पसरलेल्या,
आत सहा, नऊ, एकीत अकरा,
सीताफळात बिया दाटाव्यात तसे.
माझा अंगठा दुखायला लागला
आणि मी ऐंशीव्या पेशीला मोठ्यानं हसले.
मिस्किटाबाई भिंगातून वर न बघता म्हणाल्या,
"काचेवरची पेशी म्हणजे माणूस नव्हे, रजनीगंधा.
पुन्हा करा."

दिवाळीनंतर पुलाखालची जागा रिकामी.
शेजारचा केळीच्या पानांवाला म्हणाला, गावाला गेली असेल.
आरेच्या बाईला कसलं गाव?
तीन आठवड्यांनी आली, पायाला पट्टी.
गंजका खिळा, पू, ताप,
केईएमच्या वॉर्डात सहा दिवस, सलाईन.
"सुया सगळ्या घेतल्या. गोळ्या पण. एक नाय चुकवली."
"आणि गुळवेल?"
"ती कोण आणनार गं? आननारी तर मीच खाटेवर."
आणि आम्ही दोघी हसलो,
ती जास्त.

त्या लिंबावर आता पांढऱ्या रंगात आकडा आहे,
पालिकेचा, एकशे सदतीस.
माझ्या वहीतल्या नमुन्यांनाही असेच आकडे असतात,
म्हणून मला तो आधी आपलाच वाटला होता.
लाडकीबाई म्हणते, पुढल्या साली पांगाऱ्यावरची देईन,
चालत असंल तर.
चालतं का, ते कोणालाच ठाऊक नाही.

ड्रॉवरमध्ये हातमोज्यांच्या खोक्यामागे
एक तुकडा राहून गेला होता,
ना माती, ना पाणी, ना खिडकी.
काल पाहिलं तर फुटलेला.
नखाएवढं पान, बदामाच्या आकाराचं, अंधाराचं पिवळं.
कुठल्या रकान्यात लिहावं कळेना.
मी ड्रॉवर चार बोटं उघडा ठेवला.

सकाळपासून मिस्किटाबाई विचारतायत,
कोणी ठेवला.