दहा मिनिटं थांबा

तेलावीच्या चढावर, बाजारामागच्या गल्लीत
लामाराची खिडकी पहाटे पाचला उघडते.
तिकडे पावाला पुरी म्हणतात. आपली नव्हे.
होडीसारखी लांबट, दोन्ही टोकांना निमुळती.
जमिनीत पुरलेल्या मातीच्या भट्टीत
कमरेपर्यंत वाकून आतल्या भिंतीवर थापायची.
नवऱ्यामागे सात वर्षं ती एकटीच वाकत आली.
भुवया किती वेळा होरपळल्या
ते मोजणं तिनं कधीच सोडलं.

मग शाळेनं रोजच्या दीडशे मागितल्या,
वरच्या अंगाच्या दोन पाहुणघरांनी साठ,
आणि लामाराच्या ध्यानात आलं, हात दोनच,
त्यातलं डावं मनगट रात्री बोलू लागलंय.

पहिला आला भाचा. नाव गेला.
खरंच, तिकडे असतं हे नाव.
रक्ताचा, म्हणून काही विचारलंच नाही.
दहाला उगवायचा,
गल्ल्यातून सिगारेटपुरतं उचलायचा,
म्हणायचा, मावशी, लिहून ठेव.
कुठं लिहायचं ते कधी ठरलं नाही.
एका मंगळवारी पीठ फसफसून परातीबाहेर आलं,
आणि गेला गेला.
बहीण अजून बोलत नाही.
ईस्टरची लाल अंडी तेवढी पाठवते,
शेजारणीच्या हाती.

दुसरा ओतार. राजधानीतला कारागीर.
हात असा, की पुरी भिंतीला लागण्याआधीच
फुगायचं ठरवून टाकायची.
पण जीभ भट्टीहून तापलेली.
महिन्यात तीन पोरं पळाली,
चौथं पिठाच्या पोत्यामागे रडताना सापडलं.
लामारानं त्या रात्री वही उघडली:
विक्री दुप्पट. माणसं, ओतार वगळता, शून्य.
सकाळी तिनं दोन महिन्यांचा पगार मोजला,
वर घरच्या वाईनचा एक कॅन.
तो म्हणाला, माझ्यासारखा पुन्हा मिळायचा नाही.
ती म्हणाली, त्याच आशेवर आहे.

त्सियाला तर गिऱ्हाईक होती.
बस डेपोच्या तिकीट खिडकीवर जन्म गेलेली.
एकदा सुटे पैसे घेता घेता म्हणाली,
बाई, शाळेच्या बिलात तू रोज अकरा पुऱ्या फुकट घालतेस.
लामारानं दार उघडून तिला आत घेतलं.
थापता तिला आजही येत नाही.

मुरमान द्राक्षमळ्यातून आला,
वेली छाटून छाटून कंबर वाकायला राजी झालेली.
विचारलं, काय येतं?
म्हणाला, यातलं काही नाही. शिकव.
पहिल्या आठवड्यात निम्म्या पुऱ्या राखेत पडल्या.
त्यानं त्या वेचल्या, झटकल्या,
आणि कुणी न सांगता
आकडा त्सियालाच्या वहीत लिहिला.

अवघड होती ती लामाराच.
मुरमाननं थापलेली मागून निरखायची,
आकडीनं ओढून पुन्हा लांबवायची.
शेवटी त्सियाला चष्म्यावरून म्हणाली,
तुला माणसं हवीत की आणखी चार हात?
दोन दिवस त्या दोघी
फक्त हिशेबापुरतं बोलल्या.

मग मनगटाचं ऑपरेशन, अकरा दिवस.
बाराव्या सकाळी हात गळ्यात बांधून ती परतली.
खिडकीसमोर रांग. तीही उभी राहिली,
का, ते तिलाही सांगता आलं नसतं.
आत एक नवी पोर, पिठानं कान पांढरे.
कुणी ठेवली? कधी? कुणाला विचारून?
दहा मिनिटं थांबा, काकी, पोर म्हणाली,
भट्टी भरलीय. आणि रांग मोडू नका.

लामारा थांबली.
पैसे दिले, मोड मोजून घेतली.
पायरीवर बसून टोक मोडलं.
पुरी एका बाजूला जराशी जाड होती,
तिच्या हातची नव्हतीच.
मीठ चिमूटभर जास्त.
सांगावं का आत जाऊन,
असा विचार करत
तिनं दुसरं टोक मोडलं.