पुडी

धानोऱ्याच्या बाजारात, सुक्या झिंग्यांच्या पल्याड
रैनाबाई कोवे पोतं अंथरून बसते.
मी म्हटलं, पोटात गाठ येते.
तिनं विचारलं, "जेवताना कोन बोलते तुह्यासंगं?"
कोणीच नाही.

मुरुडशेंग दोन. सुंठेचा तुकडा.
"हिरडा तापट हाये, एकटा धाडू नोको."
मग शेजारी ज्येष्ठमधाची काडी,
चिडक्या व्याह्याजवळ बसवावी एखादी मावशी, तशी.
ओवा तळहातावर चोळून, फुंकून.
चिरायता उचलला,
माझ्या तोंडाकडे पाहिलं
आणि परत पिशवीत टाकला.

वीस रुपये. कागद जुन्या मतदार यादीचा.

एसटीत पुडी मांडीवर घेऊन बसले.
शेजारची म्हणाली, "कायचा वास येते वो बाई?"
वडसा येईस्तोवर
आम्ही बोलत होतो.