आडवं-तिडवं

अकरा वर्षं मी दोरी ओढत आलो.
एक हिसका, दोन, तिसऱ्याला इंजिन खोकतं,
पाण्यावर निळा धूर बसतो
आणि माणशी ऐंशी रुपयांत
मी नागपूरच्या पाहुण्यांना वैनगंगेचं फुगलेलं पाणी दाखवून आणतो.
एका लिटरात किती पाणी कापतं, विचारा, सांगतो.
वारा कुठून येतो
ते कधी बघायची वेळ आली नव्हती.

चाचेरेकाका नेव्हीतून सुटून परतले
तोवर गाव धरणाच्या पोटात गेलं होतं.
टिनाच्या शेडमध्ये दोन वर्षं त्यांनी
नाव ठोकली, सागाची नव्हे, प्लायवूडची,
आणि शीड शिवलं
ढोमणे डेकोरेशनच्या फाटक्या मंडपाचं.
लाल पट्टा, पिवळा पट्टा,
खालच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी लग्नातल्या कढीचा डाग.
"बस," म्हणाले. "सुकाणू तूच धर आज."

बसलो. आणि हात मागे गेला,
आपोआप, दोरीकडे.
मागे नुसतं लाकूड.
काका काही बोलले नाहीत, खर्रा घोटत राहिले.

मग कापड दोनदा फडफडलं,
लग्नाच्या दुपारी फडफडतं तसं,
त्यानं पोट धरलं
आणि नाव चालायला लागली.
एवढा मी कधीच भ्यालो नव्हतो.
आवाज नाही म्हणजे काहीतरी बंद पडलंय,
माझ्या कानांना एवढंच ठाऊक.

समोर, वाऱ्याच्याच बाजूला, महादेवाची टेकडी.
"तिथं न्यायची."
मी नाक सरळ तिकडे वळवलं.
शीड सैल. नाव उभी,
हट्टी गोऱ्ह्यासारखी.
"सरळ नाही जात बापा.
भरली बंडी चढावर कशी काढते तू?
तशीच काढ. आडवी-तिडवी."

तर एकदा डावीकडे, मेलेल्या मोहाच्या फांद्यांपर्यंत,
एकदा उजवीकडे, शाळेच्या वरून,
जिथं खाली कुठंतरी मी तिसरीत नापास झालो होतो.
दर वळणाला आडवा बांबू डोक्यावरून जातो.
दुसऱ्या वेळी वाकायचं विसरलो.
टेंगूळ अजून आहे, हात लावून बघा.

मोहाच्या शेंड्यावर पाणकावळा पंख वाळवत होता.
उडाला नाही.
मी समजत होतो, या धरणावरची पाणकावळ्यांची जातच घाबरट.

दहा मिनिटांची वाट, दीड तास झाला,
टेकडी तेवढीच लांब.
तेवढ्यात पलीकडून बोट आली.
माझीच. भाचा निकेश चालवत होता,
स्पीकरवर गाणी, पोरं हात हलवत.
वीस हातांवरून गेली.
लाट नंतर आली.
आधी एक, मग तिची थोरली बहीण.
शीड हबकलं, नाव कलली, मांडीत पाणी,
एवढ्या कष्टानं धरलेला वारा सगळा सांडला
आणि माझ्या तोंडून शिवी गेली.

ती माझी नव्हती.
पहाटे डोंग्यात उभा राहून जाळं टाकणारा
सुकराम मेश्राम रोज मला देतो, तीच होती,
शब्दाला शब्द.
इंजिनाच्या आवाजात मला फक्त त्याचे ओठ दिसायचे.
मी हात हलवायचो.
वाटायचं, रामराम घालतोय.

संध्याकाळी काठाला लागलो.
काकांनी शीड गुंडाळलं, कढीचा डाग आत गेला.
"किती झाले?" मी सवयीनं विचारलं.
ते इतके हसले की खर्रा सांडला.

उद्या रविवार. सात फेऱ्या ठरल्यात.
इंजिनचं ऑइल बदलायचं राहिलंय.
सुकरामच्या डोंग्याजवळून किती हळू जायचं
याचा हिशेब लिटरमध्ये मांडून पाहिला,
बसला नाही.

झोपायच्या आधी अंगणात उभा राहिलो,
बोट ओलं करून वर धरलं.
"काहून जी," बायको दारातून म्हणाली,
"काय पाहून रायले अंधारात?"
गोठ्याच्या बाजूनं गार लागत होतं.